पिवळं कॅबिनेट

"याच्यावर काय चालेल, डॉक्टर?"

डॉक्टरांनी पिवळ्या पडलेल्या कॅबिनेटला कान लावला. आतला पंखा लोण्यासारखा फिरत होता. त्यांनी चेहरा पाडला.

"टायपिंग. आणि फार तर पत्ते."

भंगार कमिटीने माना हलवल्या. डॉक्टर काही खरे डॉक्टर नव्हते. ते ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. पण पंख्याच्या नुसत्या आवाजावरून यंत्राचं वय सांगायचे. कुठलं सॉफ्टवेअर त्याला पेलेल आणि कुठलं छातीवर बसेल, हेही. ते म्हणतील ते भंगार. आणि भंगारातलं एखादं यंत्र घरी न्यायची कर्मचाऱ्यांना मुभा होती.

आज डॉक्टर उभ्या नोकरीत पहिल्यांदा खोटं निदान करत होते. लेक आर्किटेक्चरला लागली होती. इमारत चहूबाजूंनी फिरवून दाखवणारं तिचं सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर उघडायचं म्हणजे मुंगीच्या पाठीवर गोणी. ते पेलणारं यंत्र अख्ख्या ऑफिसात एकच, मोठ्या साहेबांच्या टेबलावर. काळंभोर, काचेच्या दाराचं. साहेब त्यावर पत्ते खेळायचे.

म्हणून मागच्या रविवारी 'धूळ काढायला' आलेल्या डॉक्टरांनी दोन्ही यंत्रांची पोटं फाडली आणि आतड्यांची अदलाबदल केली. पिवळ्या खोक्यात तरणंबांड पोट गेलं, साहेबांच्या देखण्या खोक्यात म्हातारं. सोमवारपासून साहेबांचे पत्ते सावकाश पडू लागले. साहेबांना वाटलं, डाव अवघड आहे.

"मग हे पिवळं मी नेतो," डॉक्टर होता होईल तो बेफिकिरीने म्हणाले. "मुलीला आपलं... टायपिंगला."

मोठे साहेब दारातच उभे होते. ते गहिवरले.

"छे हो! जन्मभर आमची खटारी सांभाळलीत, आणि पोरीला हे डबडं देणार? माझं न्या तुम्ही. मी हे वापरतो."

"नको नको साहेब, मला हेच—"

"बघा, याला म्हणतात साधेपणा! अहो, मला लागतं काय? पत्ते चालतात ना यावर? तुम्हीच म्हणालात."

हेडक्लार्क चुळबुळले. "पण साहेब, आपलं यंत्र भंगारात कसं दाखवायचं?"

"कागदावर अदलाबदल करून टाका. आत डोकावून कोण बघतंय?"

कमिटीने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनाही वाजवाव्या लागल्या.

पिवळं कॅबिनेट लगेच साहेबांच्या टेबलावर गेलं. पत्ते भराभरा पडले. पहिलाच डाव सुटला.

"जुनं ते सोनं!" साहेब ओरडले. "डॉक्टर, याला आता हात लावायचा नाही हं. धूळसुद्धा काढायची नाही."

संध्याकाळी घरी लेकीने काळ्या खोक्यावरून हात फिरवला, काचेत स्वतःला बघून घेतलं आणि बापाच्या गळ्यात पडली.

"बाबा, कसलं भारी आहे हे! काय काय चालेल यावर?"

डॉक्टरांनी सवयीने खोक्याला कान लावला. आतला पंखा दमेकऱ्यासारखा घरघरत होता. या वेळी त्यांनी निदान खरं सांगितलं.

"टायपिंग. आणि फार तर पत्ते."