बेंबीला काय भरलं?

शी! साधीसुधी नाही, डुकराची घाण! तोबियासने तिच्यात कोपरापर्यंत हात बुडवले होते. आता तेच दोन्ही पंजे त्याने वेदीच्या पांढऱ्या चादरीवर थापले आणि मोठ्या खुशीत तो ओरडला, "आई, बघ, माकड!"

नुबिया हातातलं टाकून धावत आली. चार वर्षांचं पोर, पण अवतार काय म्हणाल! शेंबूड ओठावरून थेट तोंडात. केसांत माशाचे खवले. चड्डीचा पत्ता नाही. काल त्याने नारळी भाताच्या पातेल्यात थुंकून ठेवलं होतं. परवा बापाच्या उशीखाली मेलेला बेडूक सापडला, तोही वास सुटल्यावर. आणि हे सगळं नुबिया एकटीने पुसायची, धुवायची, उचलून नदीत टाकायची. गावातल्या बायका म्हणत, काय सोसते बाई ही! आमच्याकडून तर नसतं झालं हो.

पण आजची चादर कुठली? पेटीच्या तळाशी लवंगा घालून ठेवलेली, अवघी एकदाच वापरलेली. दुपारी गावाचा संत सान पाचो, त्याच्या मूर्तीची होडी धक्क्याला लागणार होती. यंदा वेदी मांडायचा मान पहिल्यांदाच नुबियाच्या घराला मिळाला होता. पलीकडची डेल्फा तर टपूनच बसली होती, हिचं कुठे चुकतंय ते बघायला.

नुबियाने आजवर पोरावर हात उगारला नव्हता. आज उगारला. पण तो वरच्या वरच राहिला, कारण पोराच्या अंगावर मारायलासुद्धा स्वच्छ जागा नव्हती.

तिने एका काखेत चादर मारली, दुसऱ्या हाताने पोराचं मनगट धरलं आणि तरातरा नदीवर गेली. एकाच साबणाने दोघांना घासलं. चादरीचा वास गेला. पोराचा काही जाईना. आणि चादरीवरचे ते दोन पंजे? ते काळपट होऊन तसेच राहिले. कार्ट्याने सकाळी हिरवी केळी सोलून ठेवली होती. केळीचा चीक तो, दगडावर आपटून थोडाच निघतोय?

"जळलं मेलं नशीब माझं!" ती रडकुंडीला आली.

शेजारच्या दगडावर उर्सुलिना मावशी मासे साफ करत बसली होती. गावची सुईण ती, निम्मी पोरं तिच्याच हातची. नुबियाचा सगळा राग तिच्यावर निघाला.

"मावशी, खरं सांग, ह्याच्या बेंबीला काय भरलंस तू? मी तुला मुंग्या सांगितल्या होत्या, मुंग्या!"

आमच्याकडे नाळ गळून पडली की बाळाच्या बेंबीत चिमूटभर पूड भरतात. ज्या जिवाची पूड, त्याचा गुण बाळाला लागतो. पाणमांजराची भरली तर पोर पोहण्यात पटाईत. मुंग्यांची भरली तर कष्टाळू आणि टापटिपीचं. साहजिकच प्रत्येक आईला मुंग्याच हव्या असतात.

मावशीने सुरी थांबवली नाही. माशाची आतडी बोटाने ओढून तिने बाजूला भिरकावली.

"मुंग्या तू थोरल्याच्या वेळी सांगितल्यास गं. त्याला मी मुंग्याच भरल्या होत्या. अकरा दिवसांचं आयुष्य बिचाऱ्याचं. रडलासुद्धा नाही कधी मोठ्याने." मग तिने सुरी ठेवली. "ह्याच्या वेळी माझा हात धरून काय म्हणालीस, आठवतंय का? मावशी, काहीही भर, पण सहजी मरत नाही अशा कशाचं तरी भर. मग मी डुकराचं नख जाळलं. आणखी काय करणार होते?"

नुबिया ओली चादर हातात घेऊन तशीच उभी राहिली.

तेवढ्यात मचमच आवाज आला. तोबियास माशांच्या घाणीच्या ढिगाशी बसला होता. त्याच्या तोंडातून एक लांबलचक आतडं लोंबत होतं. वर माश्या घोंगावत होत्या.

"ईऽऽ! थुंक! थुंक आधी!"

तो थुंकला नाही, उलट हसला. नुबियाने नाक दाबलं, तोंड फिरवलं, आणि दोन बोटं त्याच्या तोंडात घालून ती घाण बाहेर काढली. बोटं आपल्याच घागऱ्याला पुसली. मग पोराला कडेवर घेतलं. त्याने लगेच तिच्या मानेला शेंबूड पुसला. तिने तो तसाच राहू दिला.

दुपारी नदीच्या वळणावरून ढोल ऐकू यायला लागले. डेल्फा आपली इस्त्रीची चादर हातावर घेऊन आली आणि वेदीसमोर येताच तिने नाकाला पदर लावावा तसा रुमाल लावला.

"अगंबाई, नुबिया! संतांपुढे हे असले पंजे? शी शी शी! काढ ती आधी. ही घे, माझी लाव. होडी आलीच बघ. लोक काय म्हणतील?"

नुबिया शेवटची टाचणी लावत होती. तिने चादर थोडी ओढून घेतली. दोन्ही पंजे बरोबर मधोमध आले.

"राहू दे गं, डेल्फा," ती म्हणाली. "माझ्या थोरल्याला शेवटचं निजवलं ते ह्याच चादरीवर. तेव्हा हिला एक डागसुद्धा पडला नव्हता."