कपाटाची किल्ली

पालकत्वाच्या पुस्तकात लिहिलं होतं, 'ज्या गोष्टीला बंदी, ती मुलं हमखास करतात.' आमची कार्टी पुस्तकाला हात लावत नव्हती आणि घरात कुणाचं म्हणून ऐकत नव्हती, म्हणजे उपाय तिच्यासाठीच छापलेला. मी गोष्टींच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप घातलं, "खबरदार इकडे फिरकलीस तर!" असं दरडावलं आणि किल्ली मुद्दाम तिच्या हाताला लागेल अशी ठेवून कामाला गेलो.

संध्याकाळी कार्टी दारातच उभी.

"बाबा, किल्ली बाहेरच विसरलात की! अशी लपवलीये, कुणाच्या बापाला सापडणार नाही. आणि आजोबा पेपर वाचत होते, त्यांचाही काढून घेतला."



जन्माला आल्यापासून पोरीने पहिल्यांदाच माझं ऐकलं होतं.