पाहणी

म्हाताऱ्या माणसांच्या समुपदेशनाचा खर्चही आता देऊ, असं विमा कंपनीने कबूल केलं. पण कंपनी म्हटली की पाहणी आलीच. माणूस खरोखर खचलाय का, हे आधी घरी येऊन बघणार. अण्णांना मंगळवारी सकाळी अकराची वेळ मिळाली.

बायको गेल्यापासून छताकडे बघत रात्र काढणाऱ्या अण्णांना सोमवारी गाढ झोप लागली. सकाळी उठून त्यांनी तीन आठवड्यांची दाढी उतरवली, दुसऱ्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग हलवला आणि कपाटात पार मागे गेलेला दुसरा कप शोधून घासून ठेवला.

पाहणीला आलेली बाई त्यांच्या लेकीच्या वयाची होती. मांडीवर फॉर्म ठेवून ती एकेक विचारत गेली.

"काका, झोप लागते?"

"काल छान लागली."

"आणि भूक?"

"आज सकाळपासून दोनदा खाल्लं."

"कुणाशी बोलणं वगैरे होतं का?"

"हे काय, तुमच्याशी चाललंय की."

ती हसली. अण्णांची तर कळीच खुलली. पुढे तासभर ते बोलत राहिले, आणि त्यात खोटं एक अक्षरही नव्हतं.

तिने फॉर्मवर सही केली आणि चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

"पुढच्या मंगळवारी अकरालाच ना?" अण्णांनी विचारलं.

"छे हो, काका," दारात चपला घालताना ती कौतुकाने म्हणाली, "तुम्ही इतके ठणठणीत आहात, आता कुणीच यायची गरज नाही."