बाहेरून कडी

दार नुसतं लोटलेलं होतं. ते बघून बनुबाईंच्या काळजात धस्स झालं. कोथिंबीर घ्यायला खाली जाताना कुलूप लावायचं त्या आजही विसरल्या होत्या.

विसरणार नाहीत तर काय! सगळा जन्म शनिशिंगणापुरात गेलेला. तिथं घराला चौकट असते, दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एक फळी टेकवली की झालं. पण नवरा गेला आणि पन्नाशीच्या तोंडावर मुलानं, अंगदनं, त्यांना सावेडीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. तो दिवसभर सुप्याला कारखान्यात असायचा. घरी आल्यावर त्याला दोनदा दार उघडं सापडलं होतं. पुन्हा असं झालं तर नोकरी सोडून तुझ्यापाशी बसावं लागंल, असं तो शांतपणे म्हणाला होता. रागावला असता तर परवडलं असतं. पोराची लागलेली नोकरी आपल्यापायी जाणार, या धास्तीनं बाईंना घास गोड लागत नव्हता.

वीज गेलेली, लिफ्ट बंद. अंधारा जिना संपता संपला नव्हता. आत येऊन त्या धापा टाकत सोफ्यावर टेकल्या. सोफा काय, पडदे काय, सगळं घरमालकाचं. पडदे आज जरा वेगळेच वाटले. पण इथलं काहीच त्यांना अजून आपलं वाटत नव्हतं. रोज सकाळी उठलं की कुणाच्या तरी घरी पाहुणं आल्यासारखं व्हायचं.

तेवढ्यात आतल्या खोलीत कपाट करकरलं.

कपाटात नवऱ्यानं केलेली बोरमाळ होती. पळून जावं असं फार वाटलं, पण अंगदचा चेहरा डोळ्यांपुढं आला. पाय न वाजवता त्या पुढं झाल्या, खोलीचं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला कोंडलं.

आतून दारावर थाप पडली. "कोण आहे?" आवाज बाईचा होता.

बनुबाईंनी तोंडाला पदर लावला. थोड्या वेळानं आतली बाई दबक्या आवाजात फोनवर बोलू लागली. लवकर या, एकटे येऊ नका, असं ती कुणाला तरी सांगत होती.

म्हणजे टोळीच होती तर. बनुबाईंनी कमरेचा मोबाइल काढला. कसाबसा अंगदला फोन लागला.

"अंगदा, घरात चोर शिरलाय. बाई हाय. म्या कोंडून ठिवलीय, पर तिची मानसं येत्यात. लवकर ये, बाबा."



"आई, वीज न्हाई म्हनून कारखाना लवकर सुटला. मी कवाचा घरातच बसलोय. तू दार उघडं टाकून कुठं गेलीस?"