शेगडीची मातृभाषा

"सांगून कुणाला खरं वाटणार नाही," मनोहरराव म्हणाले, "पण आज हंडाभर पाण्याला मी तीन कांड्या लावल्या. फक्त तीन. चौथी हातात घेतली, तर शेगडीच म्हणाली, साकु!"

मागच्या अंगणात न्हाणीच्या दाराशी ते उभे होते. डोक्यावर टॉवेल, अंगावर शाल, आणि भिंतीवरून उतरलेला उन्हाचा एवढासा पट्टा. तो जिकडे सरकेल तिकडे तेही सरकत होते.

ऐकणारी होती मृदुला, वरच्या मजल्यावरची भाडेकरू. नगरहून म्हैसूरला येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. हेब्बाळला जाणारी कंपनीची बस यायला अजून अवकाश होता.

"साकु म्हणजे काय, काका?"

"पुरे. बास. शेगडी हेब्बाळच्या कुठल्याशा शेडमध्ये जन्मली. ती कन्नडच बोलणार. तुमच्या नगरचं बोलेल काय?"

पलीकडे त्यांची सून सुमा कांड्यांच्या पोत्याशी वाकली होती. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाएवढ्या कांड्या. दुकानदार त्यांना पेलेट म्हणतो. या महिन्यात सुमाने त्या उन्हात वाळवल्या, शेगडीच्या भोकांतली राख टोकरून काढली, तिच्या हवेच्या पंख्याचं बटण अर्ध्यावर आणलं, हंड्यावर झाकण ठेवलं. थोडा फरक पडला. पण सासू-सासऱ्यांचे रोजचे दोन हंडे, पोतं काही टिकेना. शेवटी तिने सांगून टाकलं होतं, हे पोतं महिनाअखेरपर्यंत पुरलं नाही तर शेगडी जाणार आणि न्हाणीत गीझर येणार.

गीझर म्हटलं की तिच्या सासूबाई, भागीरथीबाई, जागच्या जागी आक्रसत. कृष्णराजनगरला बहिणीच्या घरी ओल्या हाताने गीझरचा नळ धरला होता आणि झटका दंडापर्यंत चढला होता. तेव्हापासून करंटचं पाणी अंगावर घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यापेक्षा पारोशी राहीन, म्हणत.

आता मात्र काही दिवसांपासून पोतं उतरेनासं झालं होतं.

"मग आधी एवढं का खात होती शेगडी?" मृदुलाने विचारलं.

"हिच्यामुळं." मनोहररावांनी हनुवटीने पायरीकडे दाखवलं. भागीरथीबाई नुकत्याच न्हाऊन, लाल-गोऱ्या होऊन, केसांना पंचा गुंडाळून तिथे बसल्या होत्या. "सकाळच्या वेळी हिचे दात वाटीत. कांड्या घालून झाल्या की ही शेगडीला म्हणणार, साकु. पण दातांशिवाय 'स' यायचा कुठून? तोंडातून निघतं हाकु. आणि हाकु म्हणजे टाक! शेगडी बिचारी वळणाची. थोरांनी हाकु म्हटलं की तोंड वासायची."

"अय्यो, माझे दात कशाला काढता चारचौघांत?" भागीरथीबाई म्हणाल्या. "आता तोंडातच आहेत बरं, मृदुला. बघ."

मृदुला हसता हसता भिंतीला टेकली. तेवढं मनोहररावांना पुष्कळ झालं.

"मग मी काय केलं, एके दिवशी शेगडीच्या कानाला लागलो."

"शेगडीला कान?"

"हवेची भोकं असतात ना बाजूला, तेच. तोंड लावून म्हटलं, साकु. सावकाश, खणखणीत, माझ्या स्वतःच्या दातांनी. पहिल्या दिवशी रुसली. नुसता धूर. दुसऱ्या दिवशी निम्म्यावर आली. आणि आता? परवा शेजारी दामोदररावांकडं पंगत होती. एका पाहुण्याच्या पानात सांबार वाढताना तो ओरडला, साकु, साकु! इकडं माझ्या हंड्याखालचा जाळ विझला."

"काका!"

"देवाशपथ. भिंतीपलीकडून ऐकलं तिनं. दामोदररावांना विचार हवं तर. नको, विचारू नको, त्यांना कमी ऐकू येतं."

सुमा हसली नाही. तिने पोत्याचं तोंड धरून ते उचलून पाहिलं, जड लागलं, खाली ठेवलं. पुन्हा एकदा उचलून पाहिलं.

"पोतं अजून बरंच भरलेलं आहे, मामंजी," ती म्हणाली. तिच्या आवाजात हरल्याची कुरकुर होती. "आयतु. झालं. राहू दे तुमची शेगडी."

मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं नाही. ते मृदुलालाच सांगत राहिले, जरा घाईघाईने, की उद्यापासून दोनच कांड्या, आणि संक्रांतीपर्यंत शेगडी नुसत्या वासावर पाणी तापवेल.

भागीरथीबाई पायरीवरून उठल्या. खुशीत होत्या. सणावारी नवऱ्याचं डोकं पुसायची त्यांची जुनी सवय होती. आज सण नव्हता, तरी त्यांनी त्यांच्या डोक्यावरचा टॉवेल ओढून घेतला.

"या इकडं. कानामागं पाणी तसंच ठेवता नेहमी."

"राहू दे ग, वाळलंय," मनोहरराव मान काढून घेत म्हणाले. "तर मृदुला, मी काय सांगत होतो..."

भागीरथीबाईंचा हात मानेवर थांबला. मग शालीखाली, पाठीवर गेला. तिथेच राहिला.

"पाणी एवढं कढत होतं," मनोहरराव म्हणाले, "की अंगाला शेवटी गारच लागायला लागलं. सांगून खरं वाटणार..."

"खोटं," भागीरथीबाई म्हणाल्या. "तुम्ही गार पाण्यानं न्हाता."

मृदुलाचं हसू अर्ध्यावर राहिलं. मनोहररावांनी शाल घट्ट ओढून घेतली.

"सुमा," पाठीवरचा हात न काढता भागीरथीबाई म्हणाल्या, "त्या गीझरवाल्याला आजच बोलाव."