खवट नारळ

आमच्या गावच्या ऑनलाइन चावडीवर कुणीतरी ‘दुर्गाकाकू खवट नारळ’ असं नाव घेऊन सभासद झालं. चावडी सांभाळणाऱ्या अजेयचा लगेच फोन आला. “काकू, माफ करा. आत्ता उडवतो ते नाव.”

“उडवू नकोस रे! पूर्वी शिमग्याला पोरं दारात येऊन माझ्या नावाने बोंब ठोकायची. सगळी मुंबईला गेली. आठ वर्षांत कुणी ओरडलं नाही.”

“मग राहू दे?”

“राहू दे. समोरच्या कुमुदवहिनींच्या नावाने काही आलंय का?”

“नाही.”

मला वाईट वाटलं. वहिनींना मुद्दाम जाऊन तसं सांगितलं.

तासाभरात चावडीवर ‘कुमुदवहिनी कुजकी सुपारी’ अवतरली.

अजेयचा पुन्हा फोन. “काकू, हे खातं वहिनींच्याच मोबाइलवरून उघडलंय.”