तलावातला वाटा

तलावाच्या पाळीवर मासळीचे वाटे पडत होते. ज्या घरचं माणूस जाळं ओढायला उतरलं, त्या घराला एक वाटा, ही ढिवर मोहल्ल्याची जुनी रीत. नीलाबाई सकाळपासून कमरेएवढ्या पाण्यात होती. वाटे घालणाऱ्या शकुबाईनं शेवटचा रोहू टाकला आणि हात धुतले. नीलाबाईची टोपली रिकामीच राहिली.

"शकुबाई, माहा वाटा?"

"तलाव इकनाऱ्या बाईले तलावातला वाटा कायले पायजे?"

पुन्हा तेच. सांगून सांगून नीलाबाईचं तोंड दुखलं होतं. ती सरपंचपदाला उभी राहिली आणि तो व्हिडिओ गावभर फिरला. त्यात कडक इस्त्रीच्या साडीतली नीलाबाई एका ठेकेदाराला सांगते, "गाव गेलं खड्ड्यात, तलाव तुमचा!" ठेकेदाराची नुसती पाठ दिसते. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गावानं बसवलेल्या नाटकातला हा प्रवेश. तेव्हा याच मोहल्ल्यानं त्यावर शिट्ट्या मारल्या होत्या. कुणीतरी चित्रातून मागचा नाटकाचा पडदा तेवढा कापला आणि वर लिहिलं, 'उमेदवारबाईचं खरं रूप पाहा'.

"तुमी तं समोरच बसून होत्या नाटकाले."

"होतो ना. पन तूच तं घरोघरी सांगत होती, व्हिडिओवाल्या कंपनीकडं तक्रार केली, खोटं असन तं कंपनी काढून टाकन. मंग काढला काऊन नाई?"

सांगितलं होतं खरं. एवढी मोठी कंपनी, जगभर कारभार, ती कशाला खोटं ठेवून घेईल, असं नीलाबाईला मनापासून वाटलं होतं. कंपनीचं उत्तर आजच आलं होतं. लपवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. पदराला हात पुसून तिनं पाळीवरच्या पिशवीतून मोबाईल काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"आम्ही तुमची तक्रार तपासली. हा व्हिडिओ आमच्या नियमांविरुद्ध नाही. तक्रार केल्याबद्दल धन्यवाद."

"म्हंजे तपासला त्याहीनं," शकुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मंग आता आमी काय बोलाव?"

टोपल्या डोक्यावर चढल्या, माणसं गावाकडं निघाली. परवा मतदान होतं. वाट्याबरोबर मतंही चालली, हे नीलाबाईला दिसत होतं.

मागं पोचू तेवढा राहिला होता, पळसाच्या पानात आपली मासळी बांधत. नाटकातला ठेकेदार तोच.

"पोचूभाऊ, तुमी तरी सांगा त्याहिले. ते पाठ तुमची हाये."

पोचूनं जाणाऱ्या लोकांकडं पाहिलं. मग तो जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला,

"बाई, खरं सांगा. तवा आपून नाटकच करून राह्यलो होतो ना?"